हाडाचे सिमेंट आणि शेजारची नस

खुब्याचा सांधा बदलून झाल्यावर रुग्ण शुद्धीवर आला की डॉक्टर आधी त्याला पाऊल वर ओढायला सांगतात. बहुतेकांचे पाऊल वर येते. शंभरातल्या एखाद्याचे येत नाही, ते लोंबकळत राहते. मग नातेवाईक हमखास विचारतात, "आत सिमेंट भरलं, त्यानं नस जळली का?"

शंका रास्त आहे. हे सिमेंट घट्ट होताना खरोखरच तापते, आणि त्यातला द्रव मज्जातंतूंना मानवत नाही, हे प्रयोगशाळेत दिसलेले आहे. तरीही गेल्या साठ-पासष्ट वर्षांतला पुरावा एकत्र मांडला की चित्र असे दिसते: सिमेंट हाडाच्या भिंतीआड राहिले, तर शेजारच्या मज्जातंतूला त्याची झळ क्वचितच लागते. भिंत ओलांडून बाहेर आले, तर मात्र उष्णता, रसायन आणि दाब या तिन्ही गोष्टी एकाच वेळी त्याच्यावर येतात. म्हणून सिमेंट कोणते वापरले यापेक्षा ते कुठे गेले आणि ते किती लवकर कळले, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात.

दहा-बारा मिनिटांचा पदार्थ

हाडाचे सिमेंट म्हणजे पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट, डॉक्टरांच्या बोलण्यात पीएमएमए. दातांच्या कवळ्यांसाठी हे अ‍ॅक्रिलिक १९३० च्या दशकापासून वापरात होते. इंग्लंडमधले शल्यविशारद जॉन चार्नली यांनी मँचेस्टरच्या डेनिस स्मिथ या दंतसाहित्याच्या जाणकाराचा सल्ला घेऊन १९५८ मध्ये ते मांडीच्या हाडात कृत्रिम सांध्याचा दांडा बसवायला वापरले आणि १९६० मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आजच्या सिमेंट वापरून केलेल्या सांधेबदलाचा पाया तो.

नेहमीच्या पाकिटात साधारण ४० ग्रॅम भुकटी आणि २० मिलिलिटर द्रव असतो. भुकटीत पॉलिमरचे सूक्ष्म मणी, क्रिया सुरू करणारे बेंझॉइल पेरॉक्साइड, एक्स-रेवर दिसावे म्हणून बेरियम सल्फेट किंवा झिर्कोनियम डायऑक्साइड, आणि बऱ्याचदा जेंटामायसिनसारखे प्रतिजैविक असते. द्रव म्हणजे मिथाइल मेथॅक्रिलेट हा मोनोमर, म्हणजे एमएमए. कुपी फोडताच त्याचा उग्र वास ऑपरेशन थिएटरभर पसरतो. नर्स भुकटी आणि द्रव निर्वात भांड्यात ढवळतात. सुरुवातीला मिश्रण हातमोज्याला चिकटते; ते चिकटायचे थांबले की ‘डो स्टेज’ आली असे म्हणतात. मग गनमधून ते हाडाच्या पोकळीत दाबून भरतात, त्यात दांडा बसवतात आणि सर्जन तो न हलवता धरून ठेवतात. उरलेला गोळा कुणीतरी हातात घेऊन बसते. तो आधी कोमट होतो, मग धरवत नाही इतका तापतो आणि दगडासारखा टणक होतो. ‘सेट झालं’ असे कुणीतरी म्हणते आणि पुढचे काम सुरू होते. सगळे मिळून दहा-बारा मिनिटे लागतात. खोली उबदार असली तर त्याहून कमी. मज्जातंतूला काही व्हायचेच असेल, तर त्याची सुरुवात बहुधा याच मिनिटांत होते.

उष्णता: हातातली आणि हाडातली

मोनोमरचे रेणू एकमेकांना जोडले जाताना उष्णता बाहेर पडते. प्रमाणित चाचणीत तापमान ९० अंश सेल्सिअसपर्यंत जाण्याची मुभा आंतरराष्ट्रीय मानक देते. हा आकडा ऐकून नस शिजत असणार असेच वाटते. पण चाचणीतली जाड चकती आणि शरीरातला पातळ थर यांत मोठा फरक आहे. रुग्णाच्या हाडात दोन-तीन मिलिमीटरचाच थर असतो, त्याच्या एका बाजूला उष्णता ओढून घेणारा धातूचा दांडा आणि दुसऱ्या बाजूला रक्ताने भरलेले हाड. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत हाड आणि सिमेंट यांच्या सीमेवर झालेल्या बहुतेक मोजण्या ४० ते ५६ अंशांच्या दरम्यान आहेत.

हाही आकडा निरुपद्रवी नाही. सशाच्या हाडावर एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन या स्वीडिश संशोधकांनी १९८० च्या दशकात दाखवले की ४७ अंश तापमान एक मिनिट टिकले तरी हाडाच्या ऊतीला इजा होते. मज्जातंतूच्या बाबतीत ४५ अंशांच्या पुढे टिकून राहिलेली उष्णता धोक्याची मानतात. वेदना थांबवण्यासाठी मुद्दाम मज्जातंतू तापवणारे उपचार याच उंबरठ्यावर आधारलेले आहेत. पण सिमेंट आणि मज्जातंतू यांच्यामध्ये हाडाची भिंत, चरबी, स्नायू आणि वाहते रक्त असते. मृतदेहांच्या मणक्यांत सिमेंट भरून १९९९ मध्ये केलेल्या मोजणीत मणक्याच्या आतले तापमान बरेच चढले, पण मज्जारज्जूच्या नळीत ते ४१ अंशांपलीकडे गेले नाही. जिवंत माणसात तिथे रक्तवाहिन्यांचे जाळे आणि मज्जाद्रवही असतो.

याचा अर्थ उष्णता निर्दोष आहे असा नव्हे. संरक्षण भिंतीचे आणि अंतराचे आहे, एवढाच अर्थ आहे. भिंतीला भोक असेल आणि सिमेंटचा गोळा थेट मज्जातंतूवर बसला, तर थर जाड असतो, धातू जवळ नसतो आणि उष्णतेला जायला वाट नसते. खुब्याच्या शस्त्रक्रियेत सायटिक मज्जातंतू (खुब्यामागून पायात उतरणारा जाड मज्जातंतू) सिमेंटने भाजल्याचे ब्रिटिश शल्यविशारदांनी १९९२ मध्ये सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्रांसह नोंदवले. अशी उदाहरणे थोडी आहेत, पण ती खरी आहेत.

मोनोमर: बोटांच्या टोकांवरचा पुरावा

एमएमए चरबीत विरघळतो. मज्जातंतूवरचे मायलिनचे वेष्टन मुख्यतः चरबीचे असते, त्यामुळे दोघांची गाठ पडली तर काय होईल याची धास्ती पहिल्यापासून होती. जर्मन संशोधकांनी १९७७ मध्ये प्राण्यांच्या वेगळ्या काढलेल्या मज्जातंतूंवर हा मोनोमर घालून त्यांच्या संदेशवहनावर परिणाम होतो हे दाखवले. सगळ्यांत बोलका पुरावा मात्र माणसांच्या बोटांवर मिळाला. कवळ्या बनवणारे तंत्रज्ञ वर्षानुवर्षे हे अ‍ॅक्रिलिक उघड्या हातांनी मळत. फिनलंडमध्ये १९८४ मध्ये झालेल्या तपासणीत अशा तंत्रज्ञांच्या बोटांतल्या संवेदी मज्जातंतूंचे वहन मंदावलेले आढळले. बोटे बधिर होणे, मुंग्या येणे अशा तक्रारी अस्थिशल्यविशारदांतही नोंदल्या गेल्या, कारण हा मोनोमर लॅटेक्सच्या हातमोज्यांतून सहज पार होतो. सिमेंट चिकटायचे थांबल्याशिवाय त्याला हात लावू नये, ही थिएटरमधली शिस्त पाळायचे हेही एक कारण आहे.

रुग्णाच्या शरीरात ही रासायनिक झळ किती काळ टिकते? सिमेंट घट्ट झाल्यावर काही टक्के मोनोमर आत शिल्लक राहतो आणि पुढच्या दिवसांत तो कमी होत जातो. रक्तात गेलेला भाग शरीर लवकर मोडून टाकते. त्यामुळे पूर्ण जमलेले सिमेंट मज्जातंतूला रसायन म्हणून फारसे बाधत नाही. बाधते ते ओले सिमेंट. शिवाय निरोगी मज्जातंतूभोवती पेरिन्यूरियम नावाचे घट्ट आवरण असते आणि तेही बरेचसे अडवते. आधीच्या शस्त्रक्रियेने, व्रणाने किंवा गाठीने हे आवरण दुबळे झाले असेल, तर तेवढे संरक्षण राहत नाही.

दाब आणि खुब्याचे आकडे

तिसरा मार्ग यांत्रिक. बाहेर आलेले सिमेंट घट्ट होऊन मज्जातंतूला दाबते किंवा त्याच्याभोवती कवच होऊन बसते. त्याची धार वर्षानुवर्षे घासत राहते. सभोवती व्रणाची ऊती वाढते. म्हणून काही रुग्णांना त्रास लगेच होत नाही, कालांतराने होतो. सायटिक मज्जातंतू अशा रीतीने उशिरा अडकल्याची नोंद १९७१ मध्येच अमेरिकेत झाली होती. खुब्याच्या वाटीत, म्हणजे अ‍ॅसिटॅब्युलममध्ये, सिमेंटला पकड मिळावी म्हणून भोके पाडतात. आतली भिंत पातळ असेल तर तिथून सिमेंट ओटीपोटात शिरते आणि तिथे ऑब्ट्युरेटर मज्जातंतू असतो. १९८५ मध्ये असे चार रुग्ण एकत्र नोंदवले गेले. यात फसगत अशी होते की दुखते जांघेत आणि मांडीच्या आतल्या बाजूला, म्हणून नव्या सांध्याचेच दुखणे समजून वेळ जातो.

आता मोठे आकडे. श्माल्झ्रीड आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ३,१२६ खुबाबदलांचा आढावा घेतला. मज्जातंतू दुखावल्याचे प्रमाण एकूण १.७ टक्के होते. जन्मतः निखळलेल्या किंवा नीट न घडलेल्या खुब्यात ५.२ टक्के, आणि जुना सांधा पुन्हा बदलताना ३.२ टक्के. निम्म्याहून अधिक रुग्णांत नेमके कारण सापडलेच नाही. मेयो क्लिनिकने २००५ मध्ये २७,००४ पहिल्या खुबाबदलांचा हिशेब मांडला. त्यात ताकद जाण्याइतकी इजा फक्त ४७ जणांना, म्हणजे ०.१७ टक्क्यांना झाली होती. धोका वाढवणाऱ्या गोष्टी होत्या खुब्याची जन्मजात विकृती, जुनी दुखापत, पाठीमागून केलेला छेद आणि पायाची लांबी वाढवणे. याच यादीत सिमेंट न वापरता बसवलेला दांडाही होता.

शेवटची बाब नीट वाचायला हवी. तिचा अर्थ सिमेंट मज्जातंतूचे रक्षण करते असा होत नाही. जन्मजात विकृती असलेले रुग्ण वयाने लहान असतात, त्यांना सिमेंटविना सांधा जास्त वेळा बसवतात आणि त्यांच्या पायाची लांबीही जास्त वाढवावी लागते. पण एवढे नक्की म्हणता येते की खुब्यात मज्जातंतूच्या इजेचे मुख्य कारण सिमेंट नाही. ताण, रिट्रॅक्टरचा (जखम उघडी धरणाऱ्या अवजाराचा) दाब, रक्ताची गाठ आणि ओढला गेलेला मज्जातंतू यांचा वाटा मोठा आहे. सायटिक मज्जातंतूचा पेरोनियल भाग, जो पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंना जातो, या सगळ्यांत आधी हार मानतो: त्यातल्या तंतूंचे जुडगे मोठे, त्यांना सांभाळणारी ऊती कमी, आणि तो कुल्ह्यापाशी व गुडघ्याखाली अशा दोन ठिकाणी बांधल्यासारखा असतो. पाऊल लोंबते ते त्यामुळे.

इजा दिसत नाही म्हणजे ती नाहीच, असेही नाही. १९७६ च्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेआधी आणि नंतर ईएमजी ही स्नायूंची विद्युत तपासणी केल्यावर ३० खुब्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांत मज्जातंतूंवर काही ना काही परिणाम दिसला. बहुतेक रुग्णांना त्याची जाणीवही नव्हती. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतही पेरोनियल मज्जातंतू दुखावतो, पण तिथे वाकडा पाय सरळ करतानाचा ताण हेच ठळक कारण असते. दंडाच्या हाडात मात्र सिमेंटचा धोका खरा आहे. रेडियल मज्जातंतू तिथे हाडाला अगदी लगटून वळतो. कोपराचा जुना सांधा काढताना हाडाला भोक पडले आणि त्यातून नवे सिमेंट बाहेर आले, तर ते थेट त्याच्यावर येते.

मणका: जिथे मिलिमीटर मोजावे लागतात

हा विषय सर्वांत गुंतागुंतीचा होतो तो पाठीच्या कण्यात. फ्रान्समधल्या अमियां इथे गालिबेर आणि देरामों या डॉक्टरांनी १९८४ मध्ये मानेच्या दुसऱ्या मणक्यातल्या रक्तवाहिन्यांच्या गाठीत सुईने सिमेंट भरले. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या उपचाराला पुढे व्हर्टिब्रोप्लास्टी म्हणू लागले. हाडे ठिसूळ होऊन दबलेल्या मणक्यांसाठी ती जगभर पसरली. मणक्यात आधी फुगा फुगवून जागा करायची आणि मग सिमेंट भरायचे, ही कायफोप्लास्टी १९९० च्या दशकात आली. इथे सांधेबदलापेक्षा सिमेंट बरेच कमी, काही मिलिलिटरच लागते, पण ते दाबाने भरायचे असते आणि मागची भिंत ओलांडली की लगेच मज्जारज्जूची नळी लागते.

सिमेंट तीन वाटांनी निसटते: मणक्याच्या मधल्या शिरेतून मागे, बाजूच्या शिरांतून, किंवा मोडलेल्या भिंतीच्या फटीतून. या शिरांना झडपा नसतात, त्यामुळे पातळ सिमेंट कुठेही जाऊ शकते. गळती अपवादाने होते असेही नाही. २०१० च्या व्हर्टॉस-२ या डच चाचणीत सीटी स्कॅनवर ७२ टक्के मणक्यांत गळती दिसली, पण एकाही रुग्णाला तिचा त्रास नव्हता. सिमेंट बहुधा मणक्यांमधल्या चकतीत किंवा बाजूच्या शिरेत गेलेले होते. याउलट कर्करोगाने पोखरलेल्या मणक्यांवरच्या १९९६ च्या फ्रेंच अभ्यासात ४० मणक्यांपैकी २९ मध्ये गळती होती. आठ ठिकाणी सिमेंट मज्जातंतू बाहेर पडण्याच्या छिद्रात गेले होते आणि त्यांपैकी दोन रुग्णांना दाब काढण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणजे गळतीच्या टक्केवारीपेक्षा तिची जागा पाहावी लागते. चकतीतले चार थेंब निरुपद्रवी ठरतात. छिद्रातला एक थेंब पायात कळ आणतो. छातीच्या पातळीवर नळी अरुंद असते, तिथे तेवढेच सिमेंट पाय लुळे करू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्ये सिमेंटच्या गळतीबद्दल डॉक्टरांना जाहीर सूचना दिली. तिच्यात मज्जातंतूंच्या मुळांवरचा दाब आणि वेदना यांचा उल्लेख होता.

याच उपचाराची दुसरी बाजू मजेशीर आहे. मणका सिमेंटने भरल्यावर दुखणे इतक्या लवकर कसे थांबते, यावर एक स्पष्टीकरण असे होते की उष्णतेने आणि मोनोमरने मणक्याच्या आतल्या वेदनावाहक मज्जातंतूंची टोके मारली जातात. म्हणजे बाहेर ज्याची भीती, तोच परिणाम आत उपकारक. हा तर्क पुरता खोडला गेलेला नाही, पण तो मागे पडला आहे. जवळजवळ न तापणाऱ्या सिमेंटनेही वेदना कमी होतात, त्यामुळे तुटलेले तुकडे हलायचे थांबणे हेच मुख्य कारण असावे असे मानले जाते. शिवाय २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत सिमेंट भरलेले रुग्ण आणि केवळ लुटुपुटूची प्रक्रिया केलेले रुग्ण यांच्या वेदनेत फरक दिसला नाही. २०१६ मधल्या व्हेपर चाचणीत अगदी ताज्या फ्रॅक्चरच्या रुग्णांत फायदा दिसला, २०१८ च्या व्हर्टॉस-४ मध्ये दिसला नाही. फायदाच वादात असेल, तर मज्जातंतूचा लहानसा धोकाही तोलून पाहावा लागतो.

भारतात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. आपल्याकडे दबलेला मणका म्हणजे ठिसूळ हाड असे धरून चालत नाही. तो क्षयाचाही असू शकतो. जंतुसंसर्ग असलेल्या मणक्यात सिमेंट भरणे निषिद्ध आहे. सुई घालण्याआधी एमआरआय आणि शंका असेल तर तुकडा तपासणी, ही खर्चाची असली तरी टाळण्याची गोष्ट नाही.

न तापणारी सिमेंट निर्दोष असतात का?

उष्णता आणि मोनोमर नको म्हणून इतर सिमेंट आली. कॅल्शियम फॉस्फेटचे सिमेंट १९८० च्या दशकात अमेरिकेत ब्राऊन आणि चाउ यांनी घडवले. ते जवळपास शरीराच्या तापमानालाच जमते आणि हाडातल्या खनिजासारखे होते. कवटीच्या दुरुस्तीत ते चांगले रुळले, पण ते ठिसूळ असल्याने कृत्रिम सांध्याचा भार पेलण्याच्या कामाचे नाही.

ग्लास आयोनोमरची कहाणी सावध करणारी आहे. दातांत भरण्यासाठी हा पदार्थ लंडनमध्ये विल्सन आणि केंट यांनी तयार केला. तो फारसा तापत नाही आणि त्यात मेथॅक्रिलेटचा मोनोमर नाही. त्याचेच हाडासाठीचे रूप कानाच्या व कवटीच्या तळाच्या शस्त्रक्रियांत वापरले गेले. १९९४-९५ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियममधून बातम्या आल्या: कानाच्या मज्जातंतूवरची गाठ काढल्यावर हे सिमेंट भरलेल्या काही रुग्णांना झटके आले, मेंदूची गंभीर विकृती झाली, काही दगावले. ओल्या सिमेंटमधले अ‍ॅल्युमिनियम मज्जाद्रवात उतरले होते. मज्जाद्रवाला स्पर्श होईल अशा जागी त्याचा वापर थांबला. मात्र मध्यकर्णातली इवलीशी हाडे जोडायला याच जातीचे सिमेंट पुढेही वापरात राहिले, कारण तिथे जागा कोरडी असते आणि मात्रा तांदळाच्या दाण्याहून लहान. उष्णता नसली तरी धोका संपत नाही, आणि तोच पदार्थ एका जागी उपयोगी तर दुसऱ्या जागी घातक ठरू शकतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

मग काय करावे

शल्यविशारदांच्या हातात बरेच काही आहे. वाटीची भिंत पातळ असेल तर भोके मर्यादित ठेवणे किंवा ती हाडाच्या तुकड्याने बुजवणे. उघड्या मज्जातंतूजवळ काम असेल तर तो आधी दिसेल असा मोकळा करून बाजूला ठेवणे. थंड सलाइनने धुणे. जास्तीचे सिमेंट जमण्याआधी काढणे. मणक्यात सिमेंट पातळ असताना न भरता टूथपेस्टइतके घट्ट होऊ देणे, एक्स-रेच्या चालत्या पडद्यावर नजर ठेवत सावकाश भरणे, आणि मागच्या भिंतीपाशी काळसर रेघ दिसताच थांबणे. मणका पूर्ण भरलाच पाहिजे असा हट्ट धरण्यात फारसे हशील नाही. रुग्ण जागा असेल आणि पायात कळ आली असे म्हणाला, तर त्याचे ऐकून थांबणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

इजा झालीच, तर तिचा प्रकार ठरवावा लागतो. वहन केवळ थांबले असेल तर काही आठवड्यांत सुधारते. आतला तंतू तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कुल्ह्यापासून पावलापर्यंत पोचायला वर्षे लागतात आणि तोवर स्नायू वाट पाहत नाहीत. मेयोच्या त्या ४७ रुग्णांपैकी फक्त १७ जणांची ताकद पूर्ण परतली. नुसती कळ असेल तर बहुधा औषधांनी किंवा नर्व्ह ब्लॉकने भागते. ताकद जात असेल, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर ‘थोडे दिवस बघू’ म्हणण्यात अर्थ नाही. त्याच दिवशी सीटी आणि गरज पडली तर दाब काढण्याची शस्त्रक्रिया व्हायला हवी. बेरियममुळे निसटलेले सिमेंट स्कॅनवर ठळक दिसते. ते दिसायला उशीर होत नाही, स्कॅन करायला होतो.

हाडाच्या सिमेंटने लाखो माणसांना पुन्हा चालते केले आहे आणि मज्जातंतूला घाबरून ते टाकून द्यावे असा पुरावा नाही. पण शस्त्रक्रिया ठरवताना रुग्णाने दोन प्रश्न जरूर विचारावेत: माझ्या हाडाची भिंत शाबूत आहे का, आणि शुद्धीवर आल्यावर पाय हलला नाही तर कोण, किती वेळात तपासणार? डॉक्टरांनी ही दोन्ही उत्तरे संमतिपत्रावर सही घेण्याआधी द्यावीत.